रोडबाइकची चेन : सोलापूरच्या धुळीत ल्यूब कोणतं, किती आणि केव्हा?

सात रस्ता
माझ्या सायकलचा सेटअप असा : ११ स्पीड (मागे ११ चकत्या), पुढे ५०-३४ दात, मागे ११-३२. राइड बहुतेक पहाटे, तुळजापूर रोड नाहीतर मंगळवेढा रोड. वेट ल्यूब (चेनचं घट्ट तेल) वापरतोय. तीन प्रश्न आहेत.

एक, ल्यूब लावल्यावर शंभर किलोमीटरच्या आत चेन काळीकुट्ट होते आणि जॉकी व्हीलवर (चेन ताणून धरणाऱ्या मागच्या दोन छोट्या चाकांवर) डांबरासारखा थर बसतो. दुसरं, जुन्या चेनमध्ये चेकरचा (झीज मोजायच्या पट्टीचा) ०.७५ टक्क्यांचा काटा आरामात पडत होता म्हणून नवी चेन टाकली. आता १६ आणि १८ च्या दात्यावर, म्हणजे मागच्या तेवढ्या दातांच्या चकत्यांवर, चढाला जोर दिला की चेन सटकते, बाकीच्या दात्यांवर काही नाही. तिसरं, वॅक्सबद्दल (तेलाऐवजी चेन वितळलेल्या मेणात बुडवणं) बरंच वाचलंय, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते टिकतं का? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

फ्रीव्हील
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

चेनला तेल लागतं ते आत. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्यावर आतल्या प्लेटचा उचललेला काठ फिरतो आणि त्या काठावर रोलर. झीज होते ती पिन आणि हा काठ यांच्यामध्ये. बाहेरच्या प्लेटवर दिसणारं तेल काहीही काम करत नाही, फक्त धूळ धरून ठेवतं. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असं नाही. शंभरावर सांध्यांत प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी झीज होते आणि ती बेरजेने दिसते. दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. ०.५ टक्के झीज म्हणजे एका सांध्यात जेमतेम ०.०६ मिमी, तेवढ्यावर ११ स्पीडची चेन बदलायची वेळ येते.

आता आपली धूळ. रस्त्याच्या कडेचा मुरूम, खडी क्रशरची भुकटी, होटगीकडे गेलात तर सिमेंटच्या बल्करमागची पांढरी पूड. हे सगळं तेलात मिसळलं की इंजिनचे व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट तयार होते. वेट ल्यूब मुळात सतत पाऊस असलेल्या देशांसाठी बनवलेलं, घट्ट आणि चिकट. सोलापुरात वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे. इथे ते बाटलीतच बरं.

जे काही ल्यूब वापराल, लावायची पद्धत ही :

चेन आधी कोरडी पुसा. मग खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, प्रत्येक रोलरवर एक बारीक थेंब. क्विक लिंकपासून (चेन जोडणारी, उघडता येणारी कडी) सुरू करा म्हणजे कुठं संपलं ते कळतं. पूर्ण चेनला ४-५ मिलीपेक्षा जास्त लागत असेल तर थेंब मोठा पडतोय. मग अर्धा मिनिट क्रँक (पेडलचा दांडा) उलटा फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पुसा. पुसणं हेच खरं काम. फडक्याच्या चिमटीत चेन धरून क्रँक फिरवत राहायचं, फडक्याची जागा बदलायची, पुन्हा फिरवायचं. बाहेरच्या प्लेटवरून बोट फिरवलं तर बोट जवळपास कोरडं राहिलं पाहिजे. शक्यतो हे राइडच्या आदल्या रात्री करा. निघताना ल्यूब लावून लगेच रस्त्यावर उतरलं की पहिल्या पाच किलोमीटरची धूळ सगळी चेनवर.

विजापूर वेस
+१. फडक्याबद्दल एक सांगतो. आपल्याकडे टॉवेलचे तुकडे प्रत्येक घरात पडलेले असतात, पण टर्किश टॉवेल कॅसेटजवळ (मागच्या चकत्यांच्या संचाजवळ) नेऊ नका. त्याचे फासे दात्यात अडकून धागे निघतात, ते जॉकी व्हीलच्या बुशमध्ये गुंडाळले जातात. जुनं सुती धोतर, बनियन उत्तम. कारखान्यातलं वेस्ट सूत फक्त चेन बाहेर काढून धुताना वापरा.

होटगीकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : कॅसेट गेली.

पण आधी खात्री करून घ्या, कारण सटकायची कारणं तीन असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. सगळ्याच दात्यांवर सटकत असेल तर गिअरच्या केबलचा ताण किंवा वाकलेला हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा). ठरावीक अंतराने, म्हणजे ५० च्या चेनरिंगवर (पुढच्या चकतीवर) साधारण सव्वादोन क्रँक फेऱ्यांनी एकदा झटका बसत असेल तर चेनमध्ये एखादी कडी ताठ आहे (११० कड्या भागिले ५० दात, म्हणजे २.२ फेऱ्या). आणि नेहमीच्या वापरातल्या दोन-तीन दात्यांवरच, फक्त जोर दिल्यावर सटकत असेल तर ते दाते जुन्या चेनच्या लांबीला जुळून झिजलेले असतात. तुमचं वर्णन तिसऱ्या प्रकारात अगदी चपखल बसतं. ५०×१६ आणि ५०×१८ हे सपाटीला सगळ्यात जास्त चालणारे गिअर.

झिजलेल्या कॅसेटवर जुनी लांबलेली चेन चालते, कारण दोघं बरोबरीनं झिजलेत. नवीन चेनची कडी मात्र दात्याच्या तळाशी बसत नाही, भार आला की दातावरून वर चढते आणि सुटते. फक्त १६ आणि १८ चे सुटे दाते मिळवणं अवघड, त्या नादात वेळ घालवू नका. पर्याय दोन. कॅसेट आणि चेन दोन्ही नवीन, किंवा जुनी चेन परत टाकून दोन्ही एकत्र संपेपर्यंत चालवायचं. दुसऱ्यात धोका असा की एक टक्क्याच्या पुढे गेलात तर चेनरिंगचे दातही खाल्ले जातात, आणि ते कॅसेटपेक्षा महाग. मी असतो तर आत्ताच दोन्ही बदलली असती.

लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारं वळं) घट्ट करताना ४० न्यूटन-मीटर. फ्रीहबवर कॅसेट चढवण्याआधी पातळ ग्रीसचा हात फिरवा.

पुढच्या वेळी ०.५ ला चेन बदला, ०.७५ ची वाट पाहू नका. ०.७५ ची मर्यादा ८, ९, १० स्पीडसाठी. ११ आणि १२ ला ०.५.

सात रस्ता
धन्यवाद होटगीकर. १६ आणि १८ वरच होतंय, तेही भाराखालीच. म्हणजे कॅसेटच. चेकर स्वस्तातला आहे, त्यावर विश्वास ठेवावा का?

होटगीकर
स्वस्तातले दोन काट्यांचे चेकर रोलरचा ढिलेपणाही मोजणीत धरतात, कारण दोन्ही काटे रोलरना विरुद्ध दिशांना ढकलतात. त्यामुळे झीज आहे त्यापेक्षा थोडी जास्त दिसते. तीन ठिकाणी टेकणारा चेकर, उदाहरणार्थ शिमानोचा टीएल-सीएन४२ किंवा पार्क टूलचा सीसी-४, रोलर एकाच बाजूला ढकलतो, म्हणून आकडा जास्त खरा.

चेकर नसेल तर १२ इंची स्टीलची पट्टी. लाकडी, प्लास्टिकची नको. चेन सायकलवरच, पेडलवर हलका दाब ठेवून ताणलेली. शून्याची रेघ एका पिनच्या मध्यावर, मोजणी वरच्या सरळ भागावर. नव्या चेनची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिमी पुढे सरकली की ०.५ टक्के झालं, तीन मिमी म्हणजे एक टक्का, आणि तिथं कॅसेटही गेलेली समजा. चेनवर तीन ठिकाणी मोजा. झीज सगळीकडे सारखी नसते.

भुईकोट
वॅक्सबद्दल मी लिहितो. सोलापूरच्या हवेला वॅक्सइतकं चांगलं दुसरं काही नाही, हे माझं ठाम मत. थंड झालं की ते घन असतं, धूळ त्याला चिकटत नाही, चेन हाताला काळं लागू देत नाही.

उन्हाचं म्हणाल तर पॅराफिन वॅक्स घेताना ५८-६० अंश वितळणबिंदूचं, पूर्ण रिफाइंड घ्या. ४३-४४ अंशांच्या हवेत ते वितळत नाही. मेणबत्तीचं स्वस्त मेण नको. त्यात कमी अंशाला मऊ होणारं मेण, सुगंध, रंग काहीही असतं. धोका एकाच ठिकाणी : मे महिन्यात बंद गाडीत, डिकीत सायकल उन्हात ठेवली तर आतलं तापमान साठच्या आसपास जाऊ शकतं.

पूर्वतयारी. वॅक्सचं यश इथंच ठरतं. नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीस शंभर टक्के निघालं पाहिजे, नाहीतर वॅक्स धरत नाही. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं. रुंद तोंडाच्या बाटलीत २००-२५० मिली, त्यात चेन, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. ओता, नवीन घ्या, पुन्हा. तिसऱ्या वेळी द्रव जवळजवळ स्वच्छ राहायला हवा. राहिला नाही तर चौथी खेप. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकदा, कारण टर्पेंटाइन स्वतः तेलकट थर सोडतं. मग तासभर टांगून वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. रात्रभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं पुढच्या चेनच्या पहिल्या धुण्याला चालतं. हे सगळं गच्चीवर, गॅसपासून लांब.

वॅक्सिंग. पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात अर्धा किलो वॅक्स. डबा थेट आचेवर कधीही नाही. पाण्यामुळे तापमान शंभराच्या वर जात नाही, तोच बचाव. पाण्याचा थेंब वॅक्समध्ये पडू देऊ नका, उडतं. वॅक्स पूर्ण पातळ झालं की चेन तारेत ओवून सोडा, क्विक लिंकसुद्धा. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, म्हणजे चेनचं लोखंडही वॅक्सइतकं तापेल. हलवत राहा, सांध्यांतून बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की वॅक्स आत पोचलं. आता आच बंद करा आणि घाई करू नका. वॅक्सच्या कडेला पांढरी साय धरायला लागली की चेन काढा. कडक तापलेल्या वॅक्समधून काढली तर आतलं सगळं निथळून जातं.

गार झाल्यावर चेन काठीसारखी ताठ होते. एखाद्या गोल दांड्यावरून ओढून प्रत्येक सांधा मोकळा करा, मग बसवा. पहिले दहा-वीस किलोमीटर पांढरे कण झडतात आणि शिफ्टिंग जरा जड वाटतं, तेवढं सोडून द्या.

कोरड्या हवेत २५० ते ३०० किमीला पुन्हा वॅक्स. दुसऱ्या वेळेपासून टर्पेंटाइन लागत नाही. चेनवर उकळतं पाणी ओता, जुनं वॅक्स धुळीसकट निघून जातं, पूर्ण वाळवा आणि डब्यात. दोन चेन आलटून पालटून ठेवल्या तर एकाच बैठकीत दोन्हींचं काम होतं.

विजापूर वेस
भुईकोट, पद्धत बिनचूक लिहिली आहे, पण सगळ्यांना वॅक्स सुचवायला माझा विरोध आहे. त्याची सगळी ताकद शिस्तीवर. तीनशेचे पाचशे किलोमीटर झाले की आत धातूवर धातू घासतो. शिवाय वॅक्सला गंजाविरुद्ध फारशी ताकद नाही. एक वळवाची सर लागली आणि सायकल तशीच ठेवली, की सकाळी रोलरवर तांबूस रंग.

ज्याला महिन्यातून दोनदा स्वयंपाकघरात पातेलं ठेवणं शक्य नाही त्यानं बाटलीतलं वॅक्सचं ल्यूब घ्यावं, पाण्यात घोळवलेलं मिळतं ते. बाटली नीट हलवायची, प्रत्येक रोलरवर थेंब, आणि रात्रभर वाळू द्यायचं. त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय ते काम करत नाही. ओलं असताना राइड केली आणि मग ल्यूबला नावं ठेवली, असं फार होतं. यालाही चेन आधी ग्रीसमुक्त लागतेच.

भुईकोट
गंजाचा मुद्दा मान्य. पावसात भिजली तर घरी येताच कोरड्या फडक्यानं पुसायची आणि बाटलीतलं वॅक्स ल्यूब लावायचं, मग सवडीनं डब्यात. पण जून ते सप्टेंबर सोडले तर ही वेळ इथं क्वचित येते.

नई जिंदगी
माझी ८ स्पीडची हायब्रिड आहे. गॅरेजवाले इंजिन ऑइल घाला म्हणतात, कुणी डब्ल्यूडी-४०, कुणी शिलाई मशीनचं तेल, कुणी बुलेटच्या चेनचा स्प्रे. काय खरं?

फ्रीव्हील
एकेक घेऊ.

इंजिन ऑइल फार घट्ट. आत जायला वेळ लावतं आणि बाहेर धूळ ओढतं. साध्या डब्ल्यूडी-४० मध्ये मुख्यतः पातळ द्रावक आहे. ते आतलं चांगलं तेल धुऊन काढतं आणि स्वतः थोड्याच वेळात उडून जातं. चेन त्यानं पुसायला हरकत नाही, पण नंतर ल्यूब लावलंच पाहिजे. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रे मुद्दाम चिकट केलेला असतो, कारण ती चेन फार वेगात फिरते आणि तेल उडू नये ही तिची गरज. शिवाय बऱ्याच मोटरसायकल चेनमध्ये ग्रीस रबरी रिंगांनी आत बंद केलेलं असतं. सायकलच्या चेनमध्ये काहीच बंद नसतं.

या चारांत शिलाई मशीनचं तेल त्यातल्या त्यात बरं. पातळ आहे, पटकन आत जातं. मागावर वापरतात ते स्पिंडल ऑइलही त्याच जातीचं. पण दोन्ही लवकर निघून जातात, शंभर-दीडशे किलोमीटरला पुन्हा लावायची तयारी हवी. ८ स्पीडला हे चालून जातं.

आणि टॉयलेट क्लीनर, गंज काढायचं आम्ल, बॅटरीचं पाणी यात चेन बुडवायचे प्रकार काही जण करतात. चकाचक होते, पण आम्लामुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, प्लेट ठिसूळ होतात आणि चढावर उभं राहून जोर देताना तडकतात. शिमानोही आम्लधर्मी आणि अल्कधर्मी क्लीनर वापरू नका असंच सांगते.

कॅडेन्स
इथं कुणी वॉटबद्दल, म्हणजे पायांची किती ताकद चेनमध्ये वाया जाते याबद्दल, बोललंच नाही, म्हणून भर घालते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास चेन ड्राइव्हची कार्यक्षमता मोजली होती. सगळ्यात चांगला आकडा ९८.६ टक्के, सगळ्यात वाईट ८१ च्या आसपास. मोठ्या दात्यांवर तोटा कमी, आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर ल्यूब कोणतं याने फारसा फरक पडला नाही. यातला 'स्वच्छ' हा शब्द महत्त्वाचा. म्हणून वर फ्रीव्हील यांनी पुसण्यावर जो जोर दिला तो वॉटच्या हिशेबानेही बरोबर.

गिअर निवडीचा हिशेब बघा. ५०×१८ आणि ३४×१२, दोन्हींचा वेग जवळपास सारखा (गुणोत्तर २.७८ आणि २.८३). २०० वॉट आणि ९० कॅडेन्सला (मिनिटाला ९० क्रँक फेऱ्यांना) ५० वर चेनमधला सरासरी ताण येतो सुमारे २१ किलो, ३४ वर ३१ किलो. शिवाय १८ च्या दात्यावर प्रत्येक कडी २० अंश वळते, १२ वर ३०. लहान रिंगवर सेकंदाला कमी कड्या वळतात हे धरूनही घर्षणाचा तोटा साधारण दीडपट. वर १२ चा दाता बाहेरच्या टोकाला, ३४ ची रिंग आतल्या, म्हणजे चेन तिरकी. आपल्याकडे पुणे रोड, विजापूर रोड सगळं सपाट किंवा हलका चढउतार. तिथं ३४ वर रेंगाळण्याचं कारण नाही. ३४ ठेवा तुळजापूरच्या घाटासाठी.

विजापूर वेस
कॅडेन्सताई, हा हिशेब झिजेलाही लागू. १२-१३ च्या दात्यावर कमी दात भार उचलतात, ते आधी टोकदार होतात.

होटगीकर
जॉकी व्हीलचा विषय राहिला. गळीत हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चिरडलेला असतो. त्याचा रस आणि पाचटाचे धागे जॉकी व्हीलवर बसतात, वर धूळ. हा थर तेलाने सुटत नाही. रस म्हणजे साखर, ती कोमट पाण्याने विरघळते. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हीलच्या कडेला टेकवून क्रँक उलटा फिरवा, थर चकतीसारखा निघतो. व्हील काढलंच तर बोल्ट २.५ ते ५ न्यूटन-मीटर, आणि वरचं-खालचं व्हील अदलाबदल होऊ देऊ नका. वरच्याला थोडा बाजूचा ढिलेपणा मुद्दाम दिलेला असतो.

काळ्या रानातला चिखल लागला तर तो ओला असतानाच धुवा. वाळला की दगड. पण सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पाइप नको, तो पाणी थेट फ्रीहब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये ढकलतो. बादली, ब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात.

सात रस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : कॅसेट नवी, चेन नवी, आणि वॅक्स. आता शेवटचं. चेनची लांबी जुनीशी मोजून कापू का? आणि क्विक लिंक वॅक्ससाठी दर वेळी उघडावी लागेल, ती किती वेळा वापरता येते?

भुईकोट
जुनीशी पट्टी लावून मोजू नका, ती लांबलेली आहे. कड्या मोजा. किंवा मागच्या डिरेलरमधून न घेता चेन मोठ्या रिंगवर आणि मोठ्या दात्यावर गुंडाळा, जिथं जुळते त्यापुढे एक आतली-बाहेरची जोडी, म्हणजे एक इंच. ४१ सेंटीमीटर चेनस्टे (क्रँकपासून मागच्या चाकापर्यंतची फ्रेमची नळी), ५० आणि ३२ ला बहुतेक ११० च्या आसपास येईल, पण मोजूनच कापा. शिमानोची चेन असेल तर कोरलेली अक्षरं बाहेरच्या बाजूला.

क्विक लिंकवर काय लिहिलंय ते पाहा. शिमानो आणि स्रॅमच्या ११ स्पीडच्या लिंक एकदाच वापरायच्या. केएमसी आणि कॉनेक्सच्या काही पुन्हा वापरता येतात, पाकिटावर तसं छापलेलं असतं, त्याच घ्या. तीही बोटाने सहज बंद व्हायला लागली, 'खट्' आवाज येईनासा झाला, की फेकून द्या. लिंक नेहमी वरच्या भागात आणून, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्या, मगच ती पूर्ण बसते. आणि एक जादाची लिंक सॅडल बॅगेत असू द्या.

सात रस्ता
खालच्या भागात बसवून हातानेच ओढली तर चालणार नाही?

भुईकोट
नाही. हाताचा जोर पुरत नाही, पिन अर्ध्यावर राहते आणि पहिल्या चढाला उघडते. बसल्यावर दोन्ही पिनांची डोकी खाचेच्या टोकाला टेकलीत ना, ते नखाने चाचपून बघा.